प्रोसेसरची गंगाजळी

वहीपूजनाच्या दिवशी नगरच्या अनेक पेढ्यांवर लाल वहीच्या शेजारी आता संगणकही पुसून ठेवला जातो. २०२४ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झाले; बाजाराच्या बोलण्यात मात्र ‘नगर’ अजून टिकून आहे. वहीचेही तसेच झाले आहे. पूजा वहीची होते आणि हिशेब संगणकात राहतो. उधारीची खाती, मालाचा साठा, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचा ताळमेळ हे सारे त्या एका पेटीच्या भरवशावर असते. त्यामुळे त्या पेटीच्या आत काय चालते, हा प्रश्न आता केवळ हौशी तरुणांचा राहिलेला नाही.

कापड बाजारातील एखाद्या पेढीचे चित्र कल्पनेने समोर आणावे. खाली दुकान, वर घर. दिवसा संगणकावर बिले निघतात आणि दुकान वाढवल्यावर तोच संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलाच्या हाती जातो. एके रात्री मुलगा संगणकाच्या मूळ मांडणीत, म्हणजे ‘बायोस’मध्ये शिरतो, प्रोसेसरचा वेग दहा टक्क्यांनी वाढवतो आणि त्यासाठी विद्युतदाबही थोडा चढवतो. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. दुसऱ्या दिवशी सारे सुरळीत चालते. पैसा एकही लागला नाही आणि काम मात्र जलद झाले. वडिलांनाही आनंद होतो. तरीही व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला ‘फुकट’ या शब्दाचा थोडा संशय येतोच, आणि येथे तो संशय योग्य ठरतो. या वेगाची किंमत असते. फक्त ती त्या दिवसाच्या खात्यावर दिसत नाही.

वेग आणि दाब

प्रोसेसर हा एका ठोक्यावर चालतो. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. प्रत्येक ठोक्याला आतील असंख्य सूक्ष्म स्विच, म्हणजे ट्रान्झिस्टर, उघडतात किंवा मिटतात आणि पुढचा ठोका पडण्याआधी त्यांना आपले काम उरकावे लागते. ठोके जवळ आणले की हाताशी असलेला वेळ कमी होतो. तेवढ्या वेळात काम उरकले नाही, तर उत्तर चुकते. ट्रान्झिस्टरला अधिक चपळ करण्याचा सोपा उपाय म्हणजे त्याला अधिक विद्युतदाब देणे. म्हणून वेगामागोमाग दाब वाढवला जातो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हा दाब म्हणजे भिंतीतील २३० व्होल्ट नव्हे. भिंतीतून येणारी वीज आधी एसएमपीएसमध्ये आणि मग मदरबोर्डवर उतरवली जाते. प्रोसेसरच्या गाभ्याला मिळतो तो साधारण एक ते दीड व्होल्टच्या दरम्यानचा दाब. गावातील वीज कमीजास्त झाली म्हणून गाभ्याचा दाब तसाच वरखाली होत नाही. परंतु बायोसमध्ये कोणी १.२ व्होल्टच्या जागी १.३ व्होल्ट केले, तर ती वाढ आठ टक्क्यांची होते. दिसायला ती एक दशांश व्होल्ट. प्रमाणाने पाहिले तर घरातील २३० व्होल्ट कायमचे २५० व्होल्टच्या जवळ नेऊन ठेवण्यासारखे.

शिवाय विजेचा खप दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहा टक्के आणि दाबही दहा टक्के वाढवला, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१, म्हणजे सुमारे १.३३ हा गुणाकार येतो. दहा टक्के वेगासाठी तेहतीस टक्के अधिक वीज, आणि ती सारी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते.

नगरकरांना हे समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७० च्या दशकात रस्त्यावर आणलेली लुना अनेक घरांनी वापरली आहे. पन्नास सीसीचे ते लहानसे इंजिन. त्यावर दोन माणसे आणि मागे गाठोडे घेऊन, मूठ पूर्ण पिळून चढ चढणारे अनेक जण होते. लुना चढही चढत असे आणि त्याच दिवशी तक्रारही करत नसे. तिची तक्रार पुढे कधीतरी, मेकॅनिकच्या दारात ऐकू येई.

झीज कोठे होते

प्रोसेसरमध्ये हलणारा भाग एकही नाही. मग झिजते काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. झीज होते ती मुख्यतः तीन ठिकाणी.

पहिले ठिकाण म्हणजे ट्रान्झिस्टरमधील विद्युतरोधक थर. याची जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी लागते आणि माणसाचा एक केस सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. दोन नॅनोमीटरच्या थरावर १.२ व्होल्टचा दाब असेल, तर त्याची तीव्रता प्रत्येक सेंटीमीटरमागे ६० लाख व्होल्ट इतकी होते. हवेत सेंटीमीटरमागे सुमारे ३० हजार व्होल्टला ठिणगी पडते. म्हणजे हा थर त्याच्या दोनशेपट ताण अहोरात्र सोसतो. त्या ताणाने थरात हळूहळू दोष साचतात आणि दोषांची साखळी आरपार जुळली की थर फुटतो. दाब थोडा वाढला तरी हे दोष कितीतरी पटीने वेगाने साचतात. म्हणूनच आयुष्याच्या दृष्टीने वेगापेक्षा दाब अधिक घातक ठरतो.

दुसरे ठिकाण म्हणजे ट्रान्झिस्टरना जोडणाऱ्या धातूच्या बारीक तारा. दाट प्रवाह वाहू लागला की इलेक्ट्रॉनच्या लोंढ्याने धातूचे अणू जागचे सरकतात. एकीकडे पोकळी होते, दुसरीकडे उंचवटा. नदी काठ कापते आणि पुढे गाळ टाकते, तसे हे घडते. मोटोरोला कंपनीतील जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये याचे सूत्र मांडले. त्यानुसार प्रवाहाची घनता दुप्पट झाली की तारेचे आयुष्य साधारण चौथ्या हिश्शावर येते आणि तापमान वाढले की ते आणखी घटते. १९९७ मध्ये आयबीएमने ॲल्युमिनियमऐवजी तांब्याच्या तारांचे तंत्र जाहीर केले. तांबे ही झीज अधिक सोसते. पण ती थांबवत नाही.

तिसरी झीज सर्वांत गुप्त. वर्षानुवर्षे दाब आणि उष्णता सोसून ट्रान्झिस्टर किंचित मंद होतो. पूर्वी जेवढ्या दाबाने तो वेळेत उघडत असे, तेवढ्याने आता उघडत नाही. तो मोडत नाही. फक्त त्याची गरज वाढते.

या तिन्हींना उष्णतेची जोड मिळते. नगरच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या मोटारी तयार होतात, आणि मोटार वाइंडिंगचे काम करणाऱ्यांना एक जुना ठोकताळा माहीत असतो: तापमान दहा अंशांनी वाढले की वाइंडिंगवरील रोधकाचे आयुष्य साधारण निम्मे होते. प्रोसेसरला हा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही, परंतु दिशा तीच आहे. त्यात भर पडते ती हवामानाची. पंखा प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. थंड देशात तेवीस अंशांच्या खोलीत एखाद्याने सुरक्षित ठरवलेली मांडणी नगरच्या मे महिन्यात अडतीस अंशांच्या पोटमाळ्यावर आणली, तर प्रोसेसर सुमारे पंधरा अंश अधिक तापलेला राहतो. कापडाच्या दुकानात तर सुताचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत अडकून वाराच कोंडतात.

राखून ठेवलेली पुंजी

झीज अटळ आहे, हे प्रोसेसर बनवणाऱ्यांना ठाऊक असते. म्हणून ते प्रत्येक प्रोसेसरला त्याच्या गरजेपेक्षा थोडा अधिक दाब आणि क्षमतेपेक्षा थोडा कमी वेग नेमून देतात. समजा, नव्या प्रोसेसरला एका वेगासाठी १.१० व्होल्ट पुरतात. कारखाना त्याला १.२० नेमून देतो. मधली ०.१० व्होल्टची फट वाया गेलेली नसते. काही वर्षांनी झीज होऊन त्याच प्रोसेसरला १.१५ व्होल्ट लागू लागले, तरी काम अडत नाही. पेढीच्या भाषेत ही गंगाजळी होय. चांगल्या वर्षात ती कोणी मोजत नाही. वाईट वर्षात तीच पेढी तारते.

ओव्हरक्लॉकिंग करणारा नेमके काय करतो, हे आता स्पष्ट होईल. तो ही फट शोधतो आणि पहिल्याच दिवशी खर्च करतो. वेग इतका वाढवतो की प्रोसेसर आपल्या क्षमतेच्या अगदी कडेवर चालू लागतो. वर दाब वाढवला असेल, तर झीजही पूर्वीपेक्षा लवकर होते. एकीकडे गंगाजळी संपलेली आणि दुसरीकडे खर्च वाढलेला, अशी ती स्थिती. वर्ष-दीड वर्षाने संगणक अधूनमधून बंद पडू लागतो. मग कोणी सुचवतो, ‘दाब आणखी थोडा वाढवून पाहा.’ वाढवल्यावर महिनाभर बरे वाटते. व्याज भरण्यासाठी नवे कर्ज काढणाऱ्याला जसे वाटते, तसेच.

२००२ च्या सुमारास इंटेलच्या ‘नॉर्थवुड’ गाभ्याच्या पेंटियम-४ प्रोसेसरवर हा प्रयोग जगभर झाला. त्यांचा नेमून दिलेला दाब सुमारे १.५ व्होल्ट होता. हौशी मंडळींनी तो १.७ च्या पुढे नेला. प्रोसेसर काही काळ उत्तम चालले, मग अस्थिर होऊ लागले आणि अखेर कायमचे बंद पडले.

दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. दाब न वाढवता केवळ वेग थोडा वाढवला, तर होणारी झीज फार मोठी नसते. वेग पेलला नाही तर संगणक अडतो आणि मूळ मांडणी परत आणली की पूर्ववत चालतो. अनेकांचे माफक वाढवलेले प्रोसेसर जुने होऊन अडगळीत जाईपर्यंत चाललेले आहेत. शिवाय दुकानांतील बहुतेक संगणक आणि लॅपटॉप यांचे कुलूप कारखान्यातच लावलेले असते. इंटेलच्या बाबतीत ही मोकळीक प्रामुख्याने नावाच्या शेवटी ‘के’ अक्षर असलेल्या प्रोसेसरना असते.

न मागता मिळालेला दाब

तरीही ‘आपण काही बदललेच नाही’ एवढे म्हणून निश्चिंत राहता येत नाही, हा धडा २०२४ ने दिला. इंटेलचे तेराव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि चौदाव्या पिढीचे ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आले. त्यांतील अधिक शक्तीचे प्रोसेसर काही महिन्यांत अस्थिर होत असल्याच्या तक्रारी जगभरातून येऊ लागल्या. खेळ मध्येच बंद पडत आणि पडद्यावर संदेश येई तो ग्राफिक्स कार्डाची स्मृती अपुरी असल्याचा. दोष एकाचा आणि आळ दुसऱ्यावर, अशी ती गत होती.

शोधाअंती कंपनीने कारण सांगितले. ठोका वाहून नेणारे गाभ्यातील मंडल वाढीव दाब आणि उष्णता यांनी अकाली झिजत होते आणि प्रोसेसरला लागणारा किमान दाब वाढत होता. प्रोसेसरच्या आतील सूचनासंच काही प्रसंगी गरजेपेक्षा अधिक दाब मागत होता. काही मदरबोर्डच्या मूळ मांडणीतही वीज सढळ हाताने सोडलेली होती. ऑगस्ट २०२४ च्या दुरुस्तीने १.५५ व्होल्टच्या पुढची मागणी रोखली आणि सप्टेंबरच्या दुरुस्तीने संगणक जवळजवळ रिकामा बसलेला असताना होणारी जादा मागणीही आवरली. कंपनीने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पेटीबंद विकल्या गेलेल्या प्रोसेसरसाठी ती आता खरेदीपासून पाच वर्षांपर्यंत मिळते. लॅपटॉपमधील प्रोसेसरना हा दोष नाही, असेही कंपनीने सांगितले. एक गोष्ट मात्र कोणत्याही दुरुस्तीने साधली नाही: जी झीज होऊन गेली, ती भरून आली नाही.

त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्याचे प्रकार समोर आले होते. स्मृतीचा वेग वाढवणारी तयार मांडणी सुरू करताच काही मदरबोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला जादा दाब देत होते. एएमडीने त्या दाबावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. एका कळीने सुरू होणारी ‘जलद’ मांडणी हेही ओव्हरक्लॉकिंगच असते, हे त्यावरून ध्यानात घ्यावे.

चूक आवाज करत नाही

प्रोसेसर जळाला तर नुकसान काही हजार रुपयांचे होते आणि ते लगेच कळते. पेढीला खरा धोका आहे तो अर्धवट झिजलेल्या प्रोसेसरचा. तो बंद पडत नाही. कधीतरी चुकतो आणि चुकल्याचे सांगत नाही.

२०२१ मध्ये फेसबुकच्या अभियंत्यांनी आपल्या यंत्रशाळेतील असे एक उदाहरण प्रसिद्ध केले. तेथे कोणी ओव्हरक्लॉकिंग केलेले नव्हते; एका प्रोसेसरचा एक गाभा सदोष होता, इतकेच. १.१ चा ५३ वा घात काढून पूर्णांक सांगा, असे त्याला विचारले. उत्तर १५६ यायला हवे होते. व्यापाऱ्याच्या हिशेबाने सांगायचे, तर एक रुपया वार्षिक दहा टक्के चक्रवाढ व्याजाने ५३ वर्षे ठेवला की १५६ रुपये होतात. त्या गाभ्याने उत्तर दिले शून्य. इतर बहुतेक गणिते तो अचूक करत होता. परंतु या एका चुकीमुळे काही फायलींचा आकार शून्य ठरला, त्या उघडल्याच गेल्या नाहीत आणि माहिती हरवली.

वहीत खाडाखोड झाली तर शाई दिसते. येथे खाडाखोड दिसत नाही. मार्चअखेरीस ताळेबंद जुळत नाही, तेव्हा संशय मुनीमजींवर जातो, नाही तर सॉफ्टवेअरवर. प्रोसेसरवर कोणाचा जात नाही. त्यातून बिघडलेल्या फायलीचीच प्रत रोज जुन्या प्रतीवर उतरवली जात असेल, तर चांगली प्रतही हातची जाते.

पेढीचे पथ्य

यावरून निघणारे पथ्य साधे आहे. ज्या संगणकात हिशेब आहे, त्याचा प्रोसेसर कारखान्याने नेमून दिलेल्या मांडणीवरच चालावा. तेराव्या वा चौदाव्या पिढीचा इंटेल डेस्कटॉप असेल, तर विक्रेत्याकडून बायोस अद्ययावत करून घ्यावे आणि खरेदीचे बिल पाच वर्षे जपावे. तयार संगणक घेतला असेल, तर वॉरंटीची चौकशी तो जुळवून देणाऱ्या कंपनीकडे करावी. संगणकाची पेटी भिंतीला चिकटवू नये; उन्हाळ्यापूर्वी पंखे आणि जाळ्या स्वच्छ कराव्यात. हिशेबाच्या प्रती वेगवेगळ्या तारखांच्या ठेवाव्यात आणि एक प्रत दुकानाबाहेर असावी. जुना संगणक विकत घेताना त्याचा पूर्वीचा उपयोग विचारावा. वरून कोऱ्या दिसणाऱ्या प्रोसेसरची गंगाजळी आधीच्या मालकाने संपवलेली असू शकते.

बिले खरोखरच सावकाश निघत असतील, तर उपाय बहुधा दुसरीकडे असतो. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणे आणि स्मृती वाढवणे यांनी दुकानाच्या कामाला जो वेग येतो, तो दहा टक्क्यांच्या ओव्हरक्लॉकिंगने येत नाही. वेग मिळवण्याचा हा वेगळा विचार महाराष्ट्राला नवा नाही. हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. तेथे एका प्रोसेसरला पिळून काढले नव्हते. चौसष्ट प्रोसेसर शेजारी-शेजारी बसवून काम वाटून दिले होते. २००४ नंतर घरगुती प्रोसेसरही याच वाटेने गेले, कारण केवळ ठोके वाढवत नेले तर उष्णता आवरेना.

मुलाची हौस मोडण्याचे कारण नाही. हे शिक्षणच आहे, फक्त त्याला वेगळी पेटी द्यावी. तिच्यात तो जे शिकेल, त्यात उलट दिशेचा एक प्रयोगही असावा. वेगाचे शेवटचे चार-पाच टक्के मिळवण्यासाठी सर्वांत जास्त दाब मोजावा लागतो. ते सोडून दिले आणि विजेची मर्यादा थोडी खाली आणली, तर काम जवळपास तेवढेच होते, पंख्याचा आवाज उतरतो, वीज वाचते आणि प्रोसेसर थंड राहतो. बायोसमधील तेच आकडे, पण खाली आणलेले.

कल्पनेतील त्या पेढीवर मुलगा वडिलांना हे आकडे दाखवील, तेव्हा वडिलांना इंग्रजी नावे कदाचित समजणार नाहीत. पण गरज १.१० ची, नेमणूक १.२० ची आणि मधली शिल्लक हात न लावता ठेवायची, एवढे त्यांना न समजावताही कळेल.